लघवीचा वास आणि पाच खणांची मांडणी

आजारी माणसाच्या लघवीकडे वैद्याने लक्ष द्यावे, यात हसण्यासारखे काही नाही. पारंपरिक चिनी वैद्यकात रोगपरीक्षेचे चार मार्ग आहेत. त्यांतील दुसऱ्याचे नाव ‘वेन’. या एकाच शब्दाचे ऐकणे आणि वास घेणे असे दोन्ही अर्थ होतात. सातव्या शतकातील जेन लियेन या वैद्याने, अतिशय तहान लागण्याच्या एका व्याधीत लघवी गोड होते, अशी नोंद केली. आपल्याकडचे ‘मधुमेह’ हे नावही अशाच निरीक्षणातून आले. तेव्हा शंका निरीक्षणाविषयी नाही. त्यावरून काढलेले निष्कर्ष कितपत टिकतात, ते पाहायचे आहे.

चिनी पद्धतीनुसार लघवी गडद व उग्र वासाची असेल, तर मूत्राशयात ‘दमट उष्णता’ साठली आहे. ती पाण्यासारखी, भरपूर आणि बिनवासाची असेल, तर शरीरात ‘थंडी’ आहे. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. उन्हाळी लागली म्हणजे अंगात उष्णता झाली, असे आपणही म्हणतोच. पण यातला पुष्कळसा भाग साध्या संहतीचा आहे. पाणी कमी प्यायले की मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात. तीच टाकाऊ द्रव्ये थोड्या पाण्यातून बाहेर पडतात आणि रंग व वास दोन्ही वाढतात. चार पेले पाणी पाजले, तर ‘उष्ण’ माणूस दोन-तीन तासांत ‘थंड’ व्हावा! शिळ्या लघवीचा झोंबणारा वास येतो तो जंतूंमुळे. ते युरियाचे विघटन करतात आणि अमोनिया तयार होतो. जंतुसंसर्गातही वास बदलू शकतो. परंतु वास नसताना संसर्ग असतो आणि वास असताना नसतो, अशी दोन्ही प्रकारची उदाहरणे असल्यामुळे केवळ नाकावर विसंबता येत नाही.

आता सिद्धांताकडे वळू. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात पाच तत्त्वे, पाच अवयव आणि पाच वास यांच्या जोड्या लावल्या आहेत. यकृताचा वास मेंढीसारखा उग्र, हृदयाचा करपट, प्लीहेचा सुवासिक, फुफ्फुसाचा माशासारखा आणि मूत्रपिंडाचा कुजट. गंमत अशी की, यकृताला दिलेला ‘साओ’ हाच शब्द चिनी भाषेत लघवीच्या वासासाठी वापरतात. मूत्रपिंडाच्या वाट्याला मात्र दुसराच वास आला आहे. ही मांडणी लघवी हुंगून तयार झालेली दिसत नाही. पाच खण आधी ठरले आणि वास नंतर त्यांत बसवले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

यावर चिनी वैद्य म्हणेल, ‘आम्ही एकट्या वासावरून निदान करत नाही, नाडी आणि जीभही पाहतो.’ हे खरे आहे. पण कोणतीही दोन लक्षणे जुळली नाहीत, की तिसऱ्याच्या आधाराने तीच मांडणी सावरून घेता येत असेल, तर ती चूक आहे हे कळणार कसे?

याउलट 1934 सालचे नॉर्वेमधील उदाहरण घ्या. बौद्धिक वाढ खुंटलेल्या दोन भावंडांच्या आईला मुलांच्या अंगाला विचित्र वास येत असल्याचे जाणवत होते. आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी त्या मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घातले, तेव्हा अनपेक्षित हिरवा रंग आला. तो रंग त्यांनी कुठल्या खणात टाकून दिला नाही. लघवीतून फेनिलपायरुव्हिक आम्ल वेगळे केले आणि इतर शेकडो रुग्णांची तशीच तपासणी केली. बहुतेकांत ते सापडले नाही, काहींत सापडले. या ‘नाही’लाही ‘हो’इतकीच किंमत होती. पुढे या विकारावर विशिष्ट आहार सापडला आणि जन्मतःच तपासणी करून असंख्य मुलांची बुद्धी वाचवता आली. सुरुवात मात्र एका आईच्या नाकापासून झाली होती.

खणांची ही मांडणी निरुपद्रवी आहे, असेही म्हणता येत नाही. मूत्राशयातील ‘दमट उष्णता’ घालवणाऱ्या जुन्या काढ्यांत ‘मुतोंग’ नावाच्या वेलीचे खोड असते. विसाव्या शतकात तिच्या जागी बऱ्याच ठिकाणी ‘ग्वान मुतोंग’ ही अ‍ॅरिस्टोलोकिया प्रजातीतील वेल येऊ लागली. तिच्यातील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडे निकामी करते आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही घडवते. बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी याच प्रजातीची चुकून मिसळलेली वनस्पती घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे 1993 साली प्रसिद्ध झाले. चीनने ग्वान मुतोंगवर बंदी घातली ती 2003 साली. लघवी सुधारण्यासाठी दिलेले औषध मूत्रपिंडाचेच वैरी ठरले. विषारी औषधे आधुनिक वैद्यकानेही दिली आहेत. पण हानी उघड होते ती रुग्णांची मोजदाद आणि पाठपुरावा केल्याने, आणि ‘उष्णता उतरली’ या उत्तरावर समाधान मानले की पाठपुरावा तिथेच संपतो.

वर्गात हा विषय निघाला, तर विद्यार्थ्यांना ‘चिनी वैद्यक खरे की खोटे’ असे विचारू नये. ‘उग्र वास म्हणजे उष्णता’ हे वाक्य फळ्यावर लिहावे आणि काय आढळले तर हे विधान चुकीचे ठरेल, एवढेच विचारावे. मग ‘उन्हाळी लागणे’ घ्यावे, आणि त्यानंतर पाठ्यपुस्तकातील एखादे विधानही घ्यायला हरकत नाही.