विहंगावलोकन, पण कुणाचे?

‘विहंगावलोकन’ हा शब्द आपल्या समीक्षेत इतका झिजला आहे की त्यातला विहंग केव्हाच उडून गेला. विषयावरून घाईने नजर फिरवायची असली की आपण तो वापरतो. ड्रोन नावाच्या चिमुकल्या उडत्या कॅमेऱ्याने त्याला पुन्हा पंख दिले. उंचावरून छायाचित्रे घेणे नवे नव्हे. नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने 1858 सालीच फुग्यातून तो उद्योग केला होता. आता ना फुगा लागतो, ना हेलिकॉप्टरचे भाडे. त्यामुळे हा कॅमेरा किल्ले-मंदिरे सोडून उकिरड्यावर, खाणीवर, झोपडपट्टीवर जाऊन थबकू लागला आहे, आणि तिथे त्याला सौंदर्य सापडते आहे. या सापडण्याविषयी मला थोडे बोलायचे आहे.

उंचावरून टिपलेल्या चित्रांत कॅनडाचे एडवर्ड बर्टिन्स्की हे मोठे नाव. चिलीतल्या अटाकामा वाळवंटात लिथियमसाठी खारे पाणी उन्हात आटवण्याची प्रचंड कुंडे आहेत. बर्टिन्स्कींनी 2017 साली टिपलेल्या त्या कुंडांच्या पिवळ्या, हिरव्या, निळ्या चौकटी पाहून एखाद्या अमूर्त चित्रकाराने कुंचला खाली ठेवावा. पण कुंड अंगणाएवढे की गावाएवढे, हे पटकन उमगत नाही. माणूस शोधू गेले तर हाती लागत नाही. सौंदर्याने बघणारा थांबतो आणि थांबला की विचार करतो, असा अशा चित्रांचा बचाव केला जातो. थांबतो हे खरे. पुढचे मला फारसे दिसलेले नाही. चित्र दिवाणखान्यात सुरेख शोभते, एवढे दिसते.

जॉनी मिलर यांची जात वेगळी. केपटाउनला राहणाऱ्या या अमेरिकन छायाचित्रकाराने 2016 साली ड्रोन उडवून ‘अनइक्वल सीन्स’ ही मालिका सुरू केली. त्यांच्या गाजलेल्या चित्रात एकीकडे मासिफुमेलेले ही खोपट्यांची दाटी, दुसरीकडे लेक मिशेल ही पाण्याकाठची कुंपणबंद वसाहत, आणि मध्ये पाणथळ जागेची पट्टी. रंगसंगती इथेही देखणी आहे. गोधडीवरचे दोन तुकडे शेजारी शिवावेत तशी. पण डोळा त्या शिवणीवर अडतो. जमिनीवरून हे एका नजरेत येत नाही. भिंतीच्या अलीकडे उभे राहिले की पलीकडचे दिसत नाही. तेवढ्यासाठीच तर भिंत बांधतात. वर्णभेदाची राजवट 1994 साली संपली, तिने आखलेल्या रेघा जमिनीवर राहिल्या, हे मिलर एक शब्द न बोलता दाखवतात.

तरी त्यांच्याही उंचीला मर्यादा आहे. डर्बनमधल्या एका गोल्फ मैदानाला त्यांचे चित्र खेटून बसलेल्या झोपड्यांसह दाखवते. त्या मैदानाला पापवा सेवगोलम या भारतीय वंशाच्या खेळाडूचे नाव आहे. 1963 साली त्याने नाताळ ओपन स्पर्धा जिंकली, पण गोऱ्यांच्या क्लबघरात त्याला प्रवेश नव्हता. चषक त्याने बाहेर पावसात उभे राहून घेतला. हे ठाऊक असले की ते हिरवे गवत वेगळेच दिसू लागते. कॅमेरा कितीही वर नेला तरी एवढे त्याला दिसणार नाही. ते कुणीतरी चित्राखाली लिहावेच लागते.

म्हणून गोव्याच्या खाणींची हवाई चित्रे पाहताना माझे मन धास्तावते. डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या तांबड्या पायऱ्या आणि तळाशी साठलेले हिरवेगार पाणी, कुणीही हरखून जावे असे. 2012 साली खाणी बंद पडल्या, 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. या दोन्ही वेळी किती ट्रकमालकांचे हप्ते थकले, आणि त्याआधीच्या वर्षांत किती शेतांत खाणीची माती उतरली, ही दोन्ही दुःखे त्या पाण्याच्या रंगात मिसळून जातात. खाणीवाल्याला आणि खाणविरोधकाला तेच चित्र आपापल्या भिंतीवर लावता येईल. अशा चित्रात मला निदान काठावरचे एक घर हवे, एक वाट हवी, आणि खाली गावाचे नाव. खड्ड्याच्या जागी कुणाचे कुळागर होते, हे सांगणारे कुणी अजून त्या गावात असेल तर तेही छापावे.