बरोबर उत्तरे, गाळलेले प्रश्न

वीजवितरण, ट्यूबलाइट आणि प्रकाशीय तंतू हे विषय शालेय पुस्तकांत व भिंतीवरच्या तक्त्यांत ज्या रीतीने मांडले जातात, तिच्याविषयी आमची एक तक्रार आहे. आकृत्या सुबक असतात, भागांची नावे बिनचूक असतात, उत्तरेही सहसा चुकीची नसतात. पण ज्या प्रश्नातून ते उत्तर निघाले, तो प्रश्नच बहुधा गाळलेला असतो.

प्रथम वीजवितरण पाहू. ‘दाब वाढवला की प्रवाह कमी होतो, म्हणून वीज उच्च दाबाने नेतात’ हे वाक्य परिचयाचे आहे. पण ओहमचा नियम तर सांगतो की दाब वाढला की प्रवाह वाढतो. मग खरे काय? चाणाक्ष मुलांना ही विसंगती खटकते, आणि उत्तर मिळाले नाही की ती गप्प बसायला शिकतात. आमच्या मते पाठाची सर्वांत मोठी हानी हीच.

वास्तविक विसंगती नाहीच. समजा, एका गावाला ११० किलोवॅट शक्ती पाठवायची आहे आणि जाण्यायेण्याच्या तारांचा मिळून रोध १ ओहम आहे. १,१०० व्होल्ट दाबाने पाठवल्यास प्रवाह १०० अँपिअर होईल. तारांत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, अर्थात १० किलोवॅट. दाब ११,००० व्होल्ट केला तर प्रवाह १० अँपिअर आणि नुकसान अवघे १०० वॅट! दाब दसपट, तर नुकसान शंभरावा हिस्सा.

मग ओहमचा नियम कुठे गेला? तो जागेवरच आहे. फक्त तारांना तो लावताना वाहिनीचा दाब न घेता तारांत वाटेत होणारी दाबाची घट घ्यायची. ती पहिल्या वेळी १०० व्होल्ट, दुसऱ्या वेळी १० व्होल्ट भरते. आणि दाब वाढूनही प्रवाह घटतो याचे कारण गावाजवळचे रोहित्र. दाब दसपट केला तरी गावाला तीच शक्ती द्यायची, म्हणून दुसरे रोहित्र बसवावे लागते, आणि त्यामुळे गावाचा भार वाहिनीला सुमारे शंभरपट रोधासारखा भासतो. एवढे सांगायला फळ्यावर पाच ओळी पुरतात.

ट्यूबलाइटची कथाही अशीच. चोक आणि स्टार्टर मिळून सुरुवातीला उच्च दाबाचा झटका देतात, हे सर्वत्र लिहिलेले असते. पण ट्यूब पेटल्यानंतर स्टार्टर काढला तरी ती चालू राहते. मग चोक का काढता येत नाही? नळीतील वायूत प्रवाह वाढला की आयन वाढतात आणि वाट आणखी सुलभ होते, म्हणून प्रवाह अनावर वाढून नळी निकामी होईल. चोक हा लगाम आहे, आणि साध्या रोधापेक्षा तो फार कमी उष्णता निर्माण करून हे काम साधतो. आज अनेक वर्गांत एलईडीच्या पट्ट्या आल्या आहेत, पण त्यांनाही प्रवाह आवरणारे मंडल लागतेच. म्हणजे प्रश्न जुना झालेला नाही.

प्रकाशीय तंतूबाबत ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ एवढे म्हणून पाठ संपतो. परंतु पाण्याच्या धारेतून प्रकाश वळवून नेण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकातच झाले होते. मग तंतूतून दूरवर संदेश नेण्यास १९७० नंतरचा काळ का उजाडावा लागला? कारण अडचण परावर्तनाची नव्हती, काचेतील अशुद्धतेची होती. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवले की ऱ्हास दर किलोमीटरला २० डेसिबेलपर्यंत उतरला, म्हणजे शंभरातला एक भाग जरी उरला, तरी तंतू उपयोगी ठरेल. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ही मर्यादा गाठली. आजच्या चांगल्या तंतूत एक किलोमीटरनंतर सुमारे ९५ टक्के प्रकाश शिल्लक असतो. काव यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परावर्तन जुनेच होते, नवी होती ती पारदर्शक काच.

पाठ्यपुस्तक बदलणे शिक्षकांच्या हाती नसते, पण प्रश्नपत्रिका असते. ‘चोकचे कार्य लिहा’ याऐवजी ‘ट्यूब पेटल्यावर चोक काढला तर काय होईल?’ असे विचारून पाहावे. पाठांतराने त्याचे उत्तर देता येणार नाही, आणि गप्प बसलेले एखादे मूल कदाचित पुन्हा बोलू लागेल.