सामूहिक प्रवाह आणि औष्णिक समतोल : २००५ च्या एका शोधनिबंधाचे पुनर्वाचन

एप्रिल २००५ मध्ये अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेने असे जाहीर केले की, सोन्याच्या अणुकेंद्रकांच्या टकरींतून निर्माण होणारे अतितप्त, अतिघन द्रव्य वायूसारखे नव्हे, तर जवळजवळ ‘परिपूर्ण द्रवा’सारखे वागते. हा शब्दप्रयोग पुढे वर्गांतून सिद्ध सत्य म्हणून सांगितला जाऊ लागला. (प्रस्तुत लेखकानेही काही वर्षे तसेच शिकवले.) त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राजीव भालेराव यांनी ब्लेझो, बोर्गिनी व ऑलित्रो यांच्यासह लिहिलेल्या निबंधात या दाव्याच्या मुळाशी असलेल्या गृहीतकावरच शंका घेतली होती.

टक्कर म्हटली की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्यास लोणार आठवते. परंतु ते उदाहरण येथे दिशाभूल करते. अशनी तिरका आला तरी विवर बहुधा वर्तुळाकारच होते, कारण स्फोटात आगमनाची दिशा आकारातून पुसली जाते. जड अणुकेंद्रकांच्या टकरीत मात्र आरंभीचा आकार टिकून बोलतो. केंद्रके थोडी बाजूने आदळली, तर त्यांच्या आच्छादनाचा भाग बदामासारखा असतो. त्याच्या आखूड अक्षाच्या दिशेने दाबाचा उतार तीव्र असल्याने कण तिकडे अधिक फेकले जातात. कण परस्परांवर न आदळता सुटले असते, तर हा ठसा उमटलाच नसता. कणांच्या दिशांचे वाटप फूरिए श्रेणीत मांडल्यास तिचा दुसरा गुणांक या प्रवाहाचे माप देतो.

निबंधाचा मुद्दा असा की, प्रवाह आढळला म्हणजे औष्णिक समतोल पूर्ण झाला असे ठरत नाही. निर्माण झालेल्या कणांची संख्या व आच्छादनाचे क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर लेखकांनी प्रत्येक कणाच्या वाट्यास येणाऱ्या टकरींचे निदर्शक मानले. समतोल पूर्ण असता, तर विकेंद्रतेच्या तुलनेतील प्रवाह या निदर्शकाबरोबर वाढत न जाता स्थिरावला असता. उपलब्ध नोंदींत तो स्थिरावलेला नव्हता. शिवाय चौथ्या गुणांकाचे दुसऱ्या गुणांकाच्या वर्गाशी गुणोत्तर आदर्श द्रवाच्या गणितानुसार, मोठ्या संवेगास, ०.५ असावयास हवे. ‘स्टार’ प्रयोगात ते सुमारे १.२ आढळले होते.

निबंधाचे बळ या दोन कसोट्यांत आहे. मात्र दुसरी कसोटी तितकी निर्णायक ठरत नाही. केंद्रकातील न्यूक्लिऑनांची मांडणी टकरीगणिक बदलते आणि या चढउतारांनीही ते गुणोत्तर वाढते. भालेराव व ऑलित्रो यांनीच २००६ मध्ये विकेंद्रतेच्या चढउतारांची स्वतंत्र मीमांसा केली.

२०१० मध्ये सर्नच्या ‘ॲलिस’ प्रयोगात, शिशाच्या टकरींत, एकूण प्रवाह सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळला. यास २००५ च्या निबंधाचा विजय म्हणण्याची घाई करू नये. ठरावीक संवेगाच्या कणांपुरता प्रवाह जवळपास पूर्वीइतकाच होता. वाढ मुख्यतः सरासरी संवेग वाढल्याने झाली होती. दरम्यान अल्प, परंतु शून्य नसलेली श्यानता धरणारी गणिते रूढ झाली आणि ‘परिपूर्ण’ या विशेषणाची धार बोथटली. २०१२ मध्ये तर प्रोटॉन व शिसे यांच्या टकरींतही प्रवाहासारखे सहसंबंध दिसले आणि इतक्या लहान व्यवस्थेत समतोल कशाच्या आधारे मानावा, हा निबंधाचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.