लिन हुइयिन
लिन हुइयिन : (१० जून १९०४–१ एप्रिल १९५५). चिनी वास्तुतज्ज्ञ, कवयित्री व आलंकारिक कलावंत. जन्म हांगजो येथे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वास्तुकला विभागात स्त्रियांना प्रवेश नसल्याने तिने तेथून ललित कलेची पदवी घेतली (१९२७). वास्तुकलेची पदवी मरणोत्तर मिळाली (२०२४). पती ल्यांग स्स-छंग यांच्यासह तिने प्राचीन वास्तूंचे सर्वेक्षण केले. फोग्वांग मंदिराच्या तुळईवरील अस्पष्ट लेख तिच्या दृष्टीस पडला (१९३७) व मंदिराचा काळ (८५७) निश्चित झाला.

हा व्यासंग तिच्या राष्ट्रचिन्हविषयक कामात उतरला. चीनचे राष्ट्रचिन्ह (१९५०) ही सामूहिक निर्मिती असून छिंग्ह्वा विद्यापीठाच्या गटात हे दांपत्य प्रमुख होते. गटाच्या आरंभीच्या आराखड्यातील प्राचीन जेड-वलयाऐवजी अखेर तिआनआन्मेन द्वार आले. तथापि द्वाराचे समोरून केलेले सरळ रेखन आणि लाल व सोनेरी हे दोनच रंग यांमुळे त्याला मुद्रेचा ठाशीवपणा लाभला. तिचा स्वतंत्र ठसा मात्र जनवीर-स्मारकाच्या (१९५८) चौथऱ्यावरील पुष्पमालांत अधिक स्पष्ट आहे. त्यांतील भरदार रेषा शोभेपायी स्मरणाचे गांभीर्य ढळू देत नाही. बीजिंग येथे क्षयाने तिचे निधन झाले. या पुष्पमालांचाच एक कोरीव नमुना तिच्या समाधीवर बसविला आहे.