त्रिकोटी परिशुद्धी : भिक्षूचे पात्र आणि उपासकाचे ताट

भगवान बुद्धांनी मांसाहारास अनुमती दिली होती काय, हा प्रश्न आमच्या विहारांतून, विशेषतः वर्षावासाच्या काळात, हटकून विचारला जातो. कर्जत तालुक्यातील कळंबसारख्या गावी तो केवळ पुस्तकी राहत नाही. पहिल्या पावसात ओढ्यांतून भातखाचरांकडे चढणारे वलगणीचे मासे, बांधावरचे खेकडे आणि पावसाळ्यासाठी भरून ठेवलेली सुकट यांवर जेथे पिढ्या जगल्या, तेथे ‘बौद्ध म्हणजे शाकाहारी’ असे कोणी सांगू लागले, की उपासक गोंधळतो. दुसरा पक्ष ‘त्रिकोटी परिशुद्ध’ हा शब्द पुढे करून चर्चा मिटवितो. आमच्या मते दोन्ही पक्षांनी मूळ वचन पुरतेपणी वाचलेले नाही.

मज्झिम निकायातील जीवक सुत्तात वैद्य जीवक तथागतांना हाच प्रश्न विचारतो. आपल्यासाठी मारलेल्या प्राण्याचे मांस श्रमण गौतम जाणूनबुजून खातात, हा लोकापवाद खरा काय? प्राणी आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर ते मांस घेऊ नये; या तीनही बाजूंनी शुद्ध असेल तर घेता येते, असे तथागत सांगतात. येथपर्यंतचा भाग सर्वांना पाठ असतो. पुढचा भाग क्वचितच वाचला जातो. तथागतांसाठी प्राणी मारणाऱ्यास कोणत्या पाच कारणांनी अपुण्य लागते, ते तेथे सांगितले आहे. आणि गळ्यात दावे बांधून ओढून आणताना त्या प्राण्याला होणारे दुःख हे त्यांपैकी एक स्वतंत्र कारण आहे. सुरी चालण्यापूर्वीचे दुःखही सुत्ताने हिशेबात धरले आहे.

हा नियम मुळात कोणासाठी? जो काही विकत घेत नाही, अमुकच द्या असे सांगत नाही, पात्रात पडेल ते स्वीकारतो, त्या भिक्षूसाठी. याच तालुक्यातील कोंडाणे लेण्यांत राहणारे भिक्षू दोन हजार वर्षांपूर्वी अशाच पिंडपातावर जगत असले पाहिजेत. गरिबाच्या घरचे अन्न नाकारून दात्यास हीन ठरविणे धम्मात बसले नसते. संघाने मत्स्यमांस सर्वस्वी वर्ज्य करावे ही देवदत्ताची मागणी भगवंतांनी मान्य केली नाही, तीही याच संदर्भात पाहिली पाहिजे. त्रिकोटी परिशुद्धी ही परावलंबी भिक्षूसाठी घातलेली मर्यादा होय. गृहस्थाच्या अज्ञानाला तिने सवलत दिलेली नाही.

उपासक तर विकत घेतो. कोंबडीच्या दुकानात तो पिंजऱ्यातल्या पक्ष्याकडे बोट दाखवितो, तो पक्षी त्याच्या देखत आणि त्याच्यासाठीच कापला जातो. मग तीन कोटींपैकी कोणती शुद्ध राहिली? हा ब्रॉयलर पक्षी सुमारे ४० दिवसांत दोन किलोंच्या आसपास वाढविलेला असतो. पुष्कळदा वाढत्या वजनाचा भार त्याच्या पायांना पेलत नाही. अनेक ठिकाणी पिल्ले व खाद्य कंपनीचे, शेड व कष्ट शेतकऱ्याचे असा करार असतो. हे सारे ठाऊक करून घेणे हे उपासकाचे पहिले काम आहे.

अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात उपासकाने शस्त्र, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार करू नये असे सांगितले आहे. तर मग आपण खावे आणि कापणारा दुसरा असावा काय? खाणारा शुद्ध व कापणारा अशुद्ध ही मांडणी आम्हास अपरिचित नाही. बैल मालकाचा, त्याच्या श्रमाचे धान्य मालकाचे. मेल्यावर तो ओढणारा मात्र अस्पृश्य! आजच्या रायगड आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, ते या लादलेल्या हीनत्वाविरुद्ध होते. म्हणून खाटकाला हीन लेखून मटण खाणारा बौद्ध सुत्त पाळीत नाही; तो जात पाळतो.

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात (मूळ इंग्रजी, १९५७) बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, आणि अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे म्हटले आहे. पुष्कळांना यात मोकळीक दिसते; आम्हास जबाबदारी दिसते. नियम पाळणाऱ्यास विचार करावा लागत नाही, तत्त्व पाळणाऱ्यास तो रोज करावा लागतो. वलगणीचे मासे अंडी घालण्यासाठीच चढत असतात. घरापुरते धरणे ही गरज. पाण्यात विष कालवून डोहच्या डोह रिकामा करणे, ज्यास १८९७ च्या मत्स्योद्योग कायद्यानेही मनाई केली, हा लोभ.

या संदर्भात शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हे पुस्तक महत्त्वाचे ठरते. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या स्वयंपाकाची नोंद त्यांनी कोणताही संकोच न ठेवता केली. ज्या वर्षी राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, त्याच वर्षी रक्ती व चान्या हे शब्द मराठी पुस्तकात सन्मानाने आले. या पुस्तकाने खाणाऱ्याची लाज घालविली. आज बाजारातून येणाऱ्या जनावराचे काय, हा त्याचा विषय नाही. तो प्रश्न वाचकांनी पुढे न्यावयास हवा.

शेतातला उंदीर खाणाऱ्या कातकऱ्यास हसणारे आमच्यातही आहेत. तो उंदीर कोणत्या बांधातला, हे त्या कातकऱ्यास ठाऊक असते. आपल्या ताटातली कोंबडी कोठली, हे हसणाऱ्यास ठाऊक नसते. मांस खावे की सोडावे, हे प्रत्येक उपासकाने स्वतः ठरवावे. जो सोडील त्याने इतरांस अशुद्ध म्हणू नये. जो खाईल त्याने प्राणी कोठून आला, तो कसा वाढला आणि कोणाच्या हाताने कापला गेला, हे विचारल्याशिवाय ‘त्रिकोटी परिशुद्ध’ हा शब्द उच्चारू नये.