दोन डोळे कोणाचे?

व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, तोही यथायोग्यच. तरीही सहा खुनी कैद्यांना ओसाड माळावर नेणारा त्यातला जेलर आदिनाथ मला पुरता पटत नाही. कैद्यांना बांधून ठेवतात ते केवळ त्याचे डोळे. समाज दिसतो तो बाजारापुरता: भाजी घेणारी गिऱ्हाइके आणि व्यापाऱ्याचे गुंड. अखेरीस बैलांशी झुंजताना जेलर मरतो आणि प्रश्न हौतात्म्यात विरघळून जातो.

कथालेखक ग. दि. माडगूळकर ज्या मुलखातले, तेथेच, आटपाडीजवळ, औंध संस्थानाने १९३९ मध्ये स्वतंत्रपूर वसविले. राज्य भवानराव पंतप्रतिनिधींचे, कल्पना मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याची. तेथे कैदी शेती करीत आणि बायकामुलांसह राहत. चुलीवर भाकरी भाजली जात असताना माणूस पळून जाणार कोठे? हा साधा तपशील मला आदिनाथाच्या डोळ्यांहून मोठा वाटतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘सामुदायिक सेवा’ ही शिक्षा आली आहे. पाच हजारांखालची पहिलीच चोरी असून ऐवज परत केला तर, दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घातला तर, आणि अब्रुनुकसानीबद्दलही (टीकाकारांनी नोंद घ्यावी!). काम लोकोपयोगी, मोबदला नाही. खुन्यांना ही सवलत नाही, तेव्हा तुलना फार ताणू नये. पण येथे आदिनाथ नाही. पाहणारे डोळे गावाचेच.

मी दाभोळचा. उद्या आमच्या एखाद्या पोराला धक्का झाडण्याची शिक्षा झाली, तर धोपाव्याहून येणाऱ्या प्रत्येक फेरीबोटीतून त्याच्या ओळखीचीच माणसे उतरतील. मुंबईत झाडू मारणारा अनोळखी राहतो. येथे त्याची आई त्याच वाटेने मासळीची पाटी घेऊन जाते. तुरुंगाची भिंत माणसाला कोंडते, तशी झाकतेही. उघड्या धक्क्यावर ते झाकण नाही. गावाची नजर मायेची असेल की चघळणारी, हे कोणते न्यायालय ठरवणार? शांतारामांनी एका माणसाची नजर मायेची मानली आणि तिच्यावर सारा डोलारा उभारला. गर्दीच्या नजरेकडे त्यांनी कॅमेरा फारसा वळविलाच नाही. शिक्षेचे तास भरल्यावर त्या पोराला धक्क्यावरचा हॉटेलवाला चहा विचारतो की नाही, एवढे एकच दृश्य मला त्या चित्रपटात हवे होते.