'श्यामची आई' आणि बालाघाटांतील लेंकरें

साने गुरुजींनीं 'श्यामची आई' हें पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें व तें १९३५ मध्यें प्रसिद्ध झालें. इतक्या वाचल्या गेलेल्या पुस्तकाविषयीं पुन्हा लिहिण्याचें धार्ष्ट्य आम्ही करीत आहों, त्यास कारण बीड जिल्हा होय.

या पुस्तकाचें तात्पर्य सामान्यतः असें काढलें जातें, कीं आई चांगली असली म्हणजे मूल चांगलें निपजतें. हें तात्पर्य खोटें नाहीं, पण अपुरें आहे. आणि बालाघाटाच्या डोंगरांतील गांवांस तें लावूं गेल्यास अन्यायाचेंही ठरतें. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार अशा तालुक्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास हजारों जोडपीं मुकादमाची उचल अंगावर घेऊन सांगली, कोल्हापूर, कर्नाटक या बाजूंस ऊंस तोडण्यास जातात, तीं पाडव्याच्या आगेंमागें परततात. नवराबायकोच्या जोडीस या व्यवहारांत एक 'कोयता' म्हणतात. लेंकराला त्या हिशेबांत जागा नाहीं. त्याला बरोबर न्यावें तर शाळा बुडते, आणि पहांटे त्याला कोपींत निजलेलें ठेवून आईला फड गांठावा लागतो. मागें ठेवावें तर पांचसहा महिने आई अंतरते. या आईला वाईट म्हणण्यास कोणाची जीभ धजेल?

श्यामची आई घरीं होती. साऱ्या बेचाळीस रात्रींचें हें अधिष्ठान इतकें सहज आहे, कीं तें वाचकाच्या ध्यानांतही येत नाहीं. पोहण्याचीच गोष्ट घ्या. भिऊन माळ्यावर लपलेल्या श्यामला आई शिंपटीनें झोडपून विहिरीवर धाडते, आणि तो पोहून आल्यावर तीच त्याला जवळ घेऊन दहीं देते. मार आणि माया एकाच हातीं होती, म्हणून मनांत अढी राहिली नाहीं. ज्या मुलाची आई शंभर कोसांवर आहे, त्याला मार कोणाकडूनही मिळेल. दहीं कोणी द्यावें?

इंग्रज मानसवैद्य जॉन बोल्बी यांनीं १९५१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या अहवालाचा गाभा हाच आहे: लहान मुलास आईचा, अथवा आईच्या जागीं कायम असलेल्या माणसाचा, ऊबदार आणि अखंड सहवास हवा. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनीं दाखविलें, कीं आईपासून तुटलेलें मूल आधीं आक्रोश करतें, मग खिन्न होतें आणि शेवटीं आईला विसरल्यासारखें वागूं लागतें. या शेवटच्या अवस्थेलाच आपण 'शहाणें झालें' असें म्हणतों. पाडव्याला परतलेल्या आईकडे न धांवतां आजीच्या लुगड्याआड उभें राहणारें लेंकरूं शहाणें नसतें. तें दुखावलेलें असतें. मात्र त्याला लुगड्याआड उभें राहण्यास आजी आहे, हीही गोष्ट लहान नव्हे.

कारण बाळपण म्हणजे ललाटरेषा नव्हे. अमेरिकेंतील मेरी मेन यांनीं १९८५ मध्यें प्रौढ मातापित्यांस त्यांचें बाळपण सांगावयास लावलें. तें सुखाचें होतें कीं दुःखाचें, याहून तें त्यांना सुसंगतपणें, कांहीं न झांकतां सांगतां येतें कीं नाहीं, याचाच त्यांच्या स्वतःच्या मुलांच्या निर्धास्तपणाशीं अधिक निकट संबंध दिसून आला.

या कसोटीवर 'श्यामची आई' पुन्हा वाचावी. श्याम आश्रमांतल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्र गोष्ट सांगतो. वडिलांचें कर्ज, स्वतःच्या चुका, आईच्या अंतकाळीं आपण जवळ नव्हतों हें शल्य, यांतलें कांहींच तो लपवीत नाहीं. आमच्या मतें पुस्तकाचें मोठेपण उपदेशांत नाहीं, या सांगण्यांत आहे. दोष सांगावयाचाच तर आईची मूर्ति इतकी उंच झाली आहे, कीं घरांतील इतर माणसें तिच्या सावलींत हरवतात.

नेमकीं हींच 'इतर माणसें' बालाघाटांत लेंकरें संभाळतात. ऊंसतोड कामगारांच्या मुलांसाठीं संत भगवानबाबांच्या नांवें शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ मध्यें मंजूर झाली, हें योग्यच झालें. परंतु निवारा आणि जेवण यांबरोबर रात्रीं मुलाचें ऐकून घेणारें, आणि पुढच्या वर्षींही तेंच राहणारें, एक तरी माणूस तेथें असलें पाहिजे. श्यामला ऐकणारे सोबती मिळाले. कोपींत किंवा आजीपाशीं वाढलेल्या मुलानें उद्यां आपली गोष्ट सांगावयास घेतली, तर तींत श्यामच्या आईचा सांचा न शोधतां ती ऐकून घेणें, हें मराठी वाचकाचें कर्तव्य आहे.